बेस्टची पाळी

यज्ञेश्वर निसळांना इंग्रजी बोलायची वेळ आयुष्यात फारशी आली नव्हती, पण इंग्रजीचं व्याकरण मात्र त्यांना मुखोद्गत होतं. वडील नेवाशाला भिक्षुकी करत. त्यांनी लहानपणी यज्ञेश्वराला पहाटे उठवून संस्कृतची रूपं घोकायला लावली, आणि 'रामः रामौ रामाः'ची ती चाल पोराच्या अंगात अशी मुरली, की पुढे नगरच्या शाळेत गेल्यावर त्यानं इंग्रजीची क्रियापदंही त्याच चालीवर बसवली. मास्तर झाल्यावरही ती सुटली नाही. 'गो' म्हणून ते श्वास घेत, 'वेंट'वर मान डोलावत आणि 'गॉन'ला असा हेल काढत, की भिंतीपलीकडच्या माणसाला वाटावं आत अभिषेक चाललाय.

त्रेचाळीस साली लढाईच्या धामधुमीत नगरचा त्यांचा खासगी क्लास बंद पडला. बरेच दिवस घरी बसून काढल्यावर पुणतांब्याजवळच्या, पाटाच्या पाण्यावर वसलेल्या डोमाळवाडीहून निरोप आला, की गावाला इंग्रजीचा मास्तर पाहिजे. निसळमास्तर बायकोला, विजयाबाईंना, घेऊन बैलगाडीतून गावात उतरले.

डोमाळवाडीला इंग्रजीची नड होती असं नाही. शेजारच्या चिंचखेड्यानं आदल्या वर्षी इंग्रजीचा वर्ग काढला होता, आणि चिंचखेड्यात जे आहे ते आपल्याकडे नसलं की डोमाळवाडीच्या घशाखाली घास उतरत नसे. शाळा कमिटीचे चेअरमन गहिनीनाथ, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, यांनी घराला लागून असलेली कांद्याची वखार वर्गासाठी रिकामी करून दिली. कांदे गेले, वास राहिला. पोरं डोळे पुसत इंग्रजी शिकू लागली.

तात्या मोठे बागाईतदार, दिलदार माणूस, पण त्यांना एक खोड होती. ते सारखे मिशीतल्या मिशीत पुटपुटत. बैलांना काय सांगायचं, चुलतभावाशी कोणतं भांडण अर्धं राहिलं, सगळं ओठातल्या ओठात चालू असे. माघारी गाव त्यांना पुटपुटे तात्या म्हणे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

एके दिवशी सकाळी तात्या ओट्यावर न्हाव्यापुढे बसले होते. अर्धी दाढी झाली होती. तेवढ्यात वखारीतून सगळ्या पोरांचा एकसुरी आवाज आला, हेल काढून, अगदी देवळातल्यासारखा: "पुट, पुट, पुट."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. तो हसला नाही, पण त्यानं न हसण्यासाठी जे तोंड केलं ते तात्यांच्या जिव्हारी लागलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते वर्गात शिरले.

"मास्तर, पोरं काय म्हनत्यात?"

"क्रियापद आहे, तात्या. पुट म्हणजे ठेवणे."

"मंग एकदा म्हना. तीनदा कशाला?"

"तीन रूपं असतात. आज ठेवतो ते पुट. काल ठेवलं तेही पुट. ठेवून झालेलं आहे तेही पुट."

तात्यांनी विचार केला. "म्हंजे काल ठिवलं काय आन आज ठिवलं काय, साहेबाला फरक पडत न्हाई."

"या शब्दापुरता नाही पडत."

"ह्याच शब्दाला का न्हाई?"

मास्तरांनी खडू या हातातून त्या हातात घेतला. इतकी वर्षं ते हा शब्द शिकवत होते, पण असं कोणी विचारलं नव्हतं. "व्याकरणात तसंच आहे," ते म्हणाले.

"म्हंजे मुद्दाम हाय," असं म्हणून तात्या बाहेर गेले.

संध्याकाळी कमिटी बसली. कमिटीत तात्यांशिवाय दोघं होते, त्यांचे चुलतभाऊ कानिफनाथ आणि किराणा दुकानदार राधाकृष्णशेठ. ठराव झाला, की पुट हा शब्द डोमाळवाडीच्या शिवेत बंद. शिवेबाहेर ज्याला म्हणायचा त्यानं म्हणावा. मास्तरांनी मान हलवली. वर्गाला अजून सरकारी मान्यता मिळायची होती, ती मिळेपर्यंत नोकरी कच्ची होती, आणि ती तात्यांच्या हातात होती. त्यांनी ठेवण्यासाठी 'कीप, केप्ट, केप्ट' घेतलं.

"एक शब्द गेला तर काय होतंय," विजयाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "इंग्रजीत पुष्कळ असतील."

"रूपं न बदलणारे थोडेच आहेत गं. मला तेच जास्त आवडतात. काळ आला गेला तरी आपलं तोंड वाकडं करत नाहीत."

विजयाबाईंनी भाकरी उलटली.

पण गावात एकदा पायंडा पडला की तो पडलाच. आठवड्याच्या आत कानिफनाथांची आई, छबूबाई, काठी टेकत वखारीच्या दारात येऊन उभी राहिली. पोरं 'कट, कट, कट' म्हणत होती.

"मास्तर, माझ्या सुनांनी तुमाला काय दिलं?"

"काही नाही, आजी. कट म्हणजे कापणे."

"कापनं न्हाई नि फिपनं न्हाई. म्हातारीची कटकट म्हनत्यात घरात, ती आता शाळंतबी म्हनाया लागल्यात. वरनं चालीवर."

कट गेला. पुढे राधाकृष्णशेठ स्वतः आले. शेठ अंगानं भरलेले, आवाजानं मऊ. पोरं विशेषणं म्हणत होती, 'फॅट, फॅटर, फॅटेस्ट', आणि कोणी तरी त्यांना अर्थ सांगितला होता.

"लठ्ठ, त्याहून लठ्ठ, सगळ्यांत लठ्ठ," शेठ म्हणाले. "मास्तर, माझ्या घरात मी, माझी मंडळी आणि माझी सासू, अशी बरोबर तीन माणसं आहोत. हा योगायोग मला पटत नाही."

फॅट गेला. बॅड कोणाला तरी लागला, ओल्ड कोणाला तरी लागला. ज्यांना इंग्रजीतलं अक्षर माहीत नव्हतं ते येता-जाता वखारीच्या भिंतीला कान लावून आपलं नाव निघतंय का बघू लागले. एकच क्रियापद असं होतं, की ज्याच्या बाजूनं माणूस उभा राहिला. 'कॉस्ट, कॉस्ट, कॉस्ट' चालू असताना तात्यांचा सालगडी बन्सी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन दारात थांबला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"कष्ट, कष्ट, कष्ट," तो म्हणाला. "आज, काल, आन झाल्यालं. ह्ये खरं हाय, मास्तर. ह्ये रोज म्हनून घ्या."

मास्तरांना आयुष्यात मिळालेली ही पहिली दाद. त्यांनी ते रोज म्हणून घेतलं.

बंद झालेले शब्द विसरू नयेत म्हणून ते दिवस मावळताना शिवेच्या पलीकडे पाटाच्या कडेला जात आणि तिथं एकट्यानं सगळे म्हणत. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी दुरून हात जोडी. त्याला वाटे, बामण पाण्यासाठी जप करतोय.

मग मास्तरांनी ठरवलं, की विशेषणं शिकवायची तर निव्वळ गोडाची शिकवायची, कडू काही नाहीच. त्यांनी 'गुड, बेटर, बेस्ट' घेतलं आणि उदाहरण म्हणून फळ्यावर वाक्य लिहिलं, की गहिनीनाथ इज द बेस्ट मॅन. पोरांनी ते चालीवर म्हटलं. भिंतीपलीकडे तात्यांनी अर्थ विचारून घेतला आणि त्या दिवशी ते सबंध दुपार वखारीच्या खिडकीखाली बाज टाकून पडले.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ आले. "आमच्या तात्याचं नाव शाळंत घेत्यात म्हनं."

मास्तरांनी त्यांना बेटर केलं. तेही खुषीत गेले. मग राधाकृष्णशेठ आले, आणि उरलेला गुड त्यांना द्यावा लागला. गुड म्हणजे चांगला, हे मास्तरांनी अगदी खरं सांगितलं. शेठनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पण चारच दिवसांनी त्यांचा भाचा कोपरगावहून आला. तो इंग्रजी शाळेत जाणारा होता. त्यानं मामाला सांगितलं, की गुड ही सगळ्यांत खालची पायरी, जिथं चपला काढतात ती.

त्या संध्याकाळी विजयाबाई रॉकेल आणायला गेल्या. लढाईचे दिवस, रॉकेल शेठच्याच दुकानात वाटपानं मिळे. शेठ गादीवरून न उठता म्हणाले, "संपलं, वहिनी. बेस्ट माणसाकडे बघा."

घरात दिवा नव्हता. मास्तर अंधारात बसून म्हणाले, "बेस्ट एकच असतो. त्याला मी काय करू? व्याकरणच तसं आहे."

"पाटाचं पाणीही एकच असतं," विजयाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर कोपरगावकडचं, पाटाखालचं. "म्हणून कोणी एकटा पितो का? पाळी लावतात. तुमच्या बेस्टचीही पाळी लावा."

मास्तर हबकले. व्याकरणाची पाळी लावायची ही कल्पना त्यांना आपल्या वडिलांना अंघोळीशिवाय सोवळं नेसवण्यासारखी वाटली. पण दिवा नव्हता हेही खरं होतं. सकाळी त्यांनी कमिटीपुढे ती मांडली, आणि कमिटीनं असं काही मनावर घेतलं की त्यांना स्वतःला आश्चर्य वाटलं. पाळी ही गोष्ट गावाच्या रक्तात होती. एक आठवडा तात्या बेस्ट, कानिफनाथ बेटर, शेठ गुड. पुढच्या आठवड्यात शेठ बेस्ट, तात्या बेटर, कानिफनाथ गुड. त्याच्या पुढच्या आठवड्यात कानिफनाथ. पाळी बदलायची ती सोमवारी, सूर्य डोक्यावर आला की, पाटाचं दार फिरवतात तशी. आणि कोणी कोणाची पाळी मोडू नये म्हणून बन्सीला बेस्टचा पाटकरी नेमलं. पोरं नावं घेऊ लागली की त्यानं दारात उभं राहून ऐकायचं.

बन्सीनं हे काम फार निष्ठेनं केलं. तरी चोऱ्या झाल्याच. कानिफनाथांच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर पोरं शेठच्या दुकानावरून जाताना शेठचं नाव बेस्ट म्हणून घेतात आणि मूठभर शेंगदाणे मिळवतात, हे बन्सीनं पकडलं. कानिफनाथ चिडून म्हणाले, "ह्ये पाट फोडन्यासारखं हाय." शेठना एका पाळीचा दंड झाला. ते तेवढा आठवडा गुडच राहिले आणि दुकानात कोणाशी बोलले नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येणार अशी वर्दी आली. साहेबांचं नाव विष्णुपंत गर्गे. नगरहून आगगाडीनं पुणतांब्याला उतरून ते तात्यांच्या दोन बैलांच्या दमणीत बसून डोमाळवाडीला आले. त्यांच्या शेऱ्यावर वर्गाची मान्यता ठरायची होती. मास्तरांना आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. आणि नेमका सोमवार होता.

विष्णुपंत शांत माणूस. वखारीत शिरताच त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी उपरण्यानं टिपलं आणि खुर्चीत बसले. कमिटीचे तिघं भिंतीला लागून उभे राहिले, बन्सी दारात.

"पुटची रूपं सांगा," विष्णुपंत म्हणाले.

भीमा नावाचा मोठा पोरगा उभा राहिला. "साहेब, तो शब्द आमच्या शिवंत चालत न्हाई."

"चालत नाही म्हणजे?"

"बंद हाय. तात्यांमुळं."

विष्णुपंतांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचे ओठ हलत होते. "बरं. कट?"

"तो छबूआजीमुळं बंद हाय."

"फॅट?"

भीमाची नजर शेठकडे गेली, आणि शेठ जमिनीकडे बघू लागले.

विष्णुपंतांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग फार सौम्यपणे विचारलं, "बेस्ट चालतो का?"

"चालतो. पर पाळीनं."

"सध्या कोणाची पाळी आहे?"

सगळी पोरं बन्सीकडे बघू लागली. बन्सीनं दाराबाहेर जाऊन सूर्याकडे पाहिलं, आत आला आणि म्हणाला, "आजून थोडा येळ तात्या. मंग शेटजी."

विष्णुपंतांनी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर ते मास्तरांना म्हणाले, "तुम्हाला जे म्हणून घ्यायचं असेल ते घ्या." मास्तरांनी हात वर केला आणि पोरांनी कॉस्ट सुरू केलं. काय त्या चालीत होतं कोण जाणे, का रोजच्या सवयीनं तो शब्द पोरांच्या गळ्यात बसला होता, पण त्या दिवशी तीन वेळा आलेला तो एकच शब्द वखारभर असा घुमला, की साहेबांनी परत उपरणं डोळ्यांना लावलं. कांद्यामुळे असेल. मग त्यांनी भेटीच्या वहीत एक शब्द लिहून सही केली आणि दमणीत बसून गेले.

गाव पारावर जमलं. मास्तरांनी वही उघडली. त्यांचा चेहरा फुलला, किती तरी दिवसांनी. "गुड," ते म्हणाले.

कोणी हाललं नाही.

"निस्तं गुड?" तात्यांनी विचारलं.

"अहो, गुड म्हणजे चांगला. वर्ग चांगला आहे. मान्यता मिळणार."

"मास्तर," राधाकृष्णशेठ म्हणाले, "हेच तुम्ही मला सांगितलं होतं. मी गूळ वाटला होता."

मास्तरांनी स्वतःच या गावाला शिकवलं होतं, की गुडच्या वर दोन पायऱ्या असतात. आता ते विसरा, असं कोणत्या तोंडानं सांगणार? कानिफनाथांनी उठून धोतर झटकलं. "चिंचखेड्याला काय लिवलंय ते म्हाईत न्हाई. पर आपल्याला खालची पायरी न्हाई पायजे. नगरला चला."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं कमिटी नगरला निघाली. भेटीची वही मांडीवर देऊन मास्तरांना मध्ये बसवलं होतं. बन्सी बरोबर होता, कारण आठवडा शेठचा होता आणि परगावीसुद्धा पाळी मोडू नये असं शेठचं म्हणणं पडलं.

विष्णुपंत आपल्या कचेरीत फायली बघत होते. ही मंडळी आत येताना दिसल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"गुड हा उत्तम शेरा आहे," सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले.

"मंग उत्तमच लिवा," तात्या म्हणाले. "बेस्ट लिवा."

"बेस्ट लिहायचं तर मला जिल्ह्यातले सगळे वर्ग बघावे लागतील."

"बघा की," कानिफनाथ म्हणाले. "आमी थांबतो." आणि ते खरंच बाकावर बसले.

विष्णुपंतांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे होते. एका बाजूला व्याकरण होतं आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या गावात राहायचं ती माणसं. ते हळूच म्हणाले, "साहेब, मधला देता येईल?"

"मधला मोकळा देता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बेटर लिहिलं की पुढे दॅन लिहावं लागतं. कोणापेक्षा ते सांगावं लागतं."

"चिंचखेड्यापेक्षा," तिघं एकदम म्हणाले.

"एका गावापेक्षा दुसरं गाव, असं सरकारी कागदावर मी लिहिणार नाही." विष्णुपंतांनी वही मागे सरकवली. बाहेर टांग्यांचे आवाज येत होते. बाकावर बसलेले कानिफनाथ टोपी काढून गुडघ्यावर ठेवत होते, म्हणजे मुक्काम लांबणार होता. तेव्हा साहेबांनी वही ओढली, आधीचा शब्द खोडला आणि नवीन शेरा लिहिला.

मास्तरांनी तो उलट्या बाजूनं वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"वाचा," तात्या म्हणाले.

"बेटर दॅन नथिंग."

"बेटर आला," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "एक पायरी चढली."

"चढली, पर नथिंग ह्ये कोनतं गाव?" तात्यांनी विचारलं.

विष्णुपंत शाईवर टीपकागद फिरवत राहिले. ते वर बघेनात. मास्तरांनी व्याकरणात कधी खोटं सांगितलं नव्हतं आणि आताही सांगावंसं वाटेना. ते म्हणाले, "तिथं काही नाही, तात्या."

"शाळा न्हाई?"

"नाही."

"इहीर?"

"नाही."

"पाट तर नसंलच," कानिफनाथ म्हणाले. "तिकडं डोंगराकडं आसंल. तिकडं पाऊसच न्हाई."

"मंग बरोबर हाय," तात्या म्हणाले. त्यांनी साहेबांना हात जोडले.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मान्यता मिळाली होती, नोकरी पक्की झाली होती, आणि तरी त्यांना कुठं तरी तोंड लपवावंसं वाटत होतं. बाकीचे खुषीत होते. पण राहुरी गेल्यावर तात्या गंभीर झाले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले आणि शेवटी आवाज बाहेर आला.

"शाळा न्हाई, इहीर न्हाई. मानसं ऱ्हातात कशी तिथं?"

"आपण पुढं गेलो ते त्यांना मागं टाकून," शेठ म्हणाले. त्यांचा दंडाचा आठवडा फार जुना नव्हता. "तळाला बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यांना काही तरी पाठवलं पाहिजे."

मास्तर एकदम वळले. "नाही, तात्या, तसं गाव..."

"तुमी नगा मधी पडू," तात्या म्हणाले. "ह्ये व्याकरन न्हाई."

गावात मिरवणूक निघाली. चिंचखेड्याला ही बातमी लागली तेव्हा त्यांनी आपला शेरा बाहेर काढला. तो 'फेअर' असा होता, आणि तिथल्या मास्तरानं त्याचा अर्थ गोरा असा सांगितल्यामुळे ते गाव वर्षभर कोड्यात पडलं होतं. पण डोमाळवाडीचं आता त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. घरोघरून ज्वारी गोळा होत होती. छबूबाईंनी पायली आणून ओतली. पोती शिवून बैलगाडीत भरली आणि बन्सीला सांगितलं, की डोंगराच्या अंगानं उगवतीला जा, विचारत विचारत नथिंग गाठ आणि एवढं पोचतं कर.

मास्तर बन्सीला पाणंदीपर्यंत सोडायला गेले. त्यांना त्याला खरं सांगायचं होतं. "बन्सी, नथिंग म्हणजे काही नाही. असं ठिकाणच नाही."

"व्हय, मास्तर, तुमी सांगितलं तसं. काईच न्हाई." त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "सापडंल."

बन्सी गेला. दिवस गेले तसे मास्तर वाळू लागले. वर्गात त्यांचं चित्त लागेना. विजयाबाई रोज दाराशी उभ्या राहून रस्ता बघत. कमिटीनंसुद्धा बेस्टची पाळी थांबवून ठेवली, कारण पाटकरीच गावात नव्हता.

उन्हं तापायला लागली तेव्हा बन्सी परत आला. गाडी रिकामी होती. बैल वाळले होते, तो स्वतः काळवंडला होता, पण तोंडावर काम केल्याचं तेज होतं.

"सापडलं," तो म्हणाला. "लई लांब हाय. मास्तर म्हनले तसंच. शाळा न्हाई. इहीर हाय पर तिला पानी न्हाई. बायका कोसावरनं पानी आनत्यात. ज्वारी दिली. म्हातारी मानसं रडली."

मास्तर खाली बसले. "त्या गावाचं नाव काय, बन्सी?"

"नथिंगच की. आदी त्यांना म्हाईत नव्हतं. मी सांगितलं."

तात्या पुटपुटतसुद्धा नव्हते. बन्सीनं पटक्याचं टोक सोडून तोंड पुसलं. "त्यांनी इचारलंय, त्ये मास्तर येतील का. पोरं हायत तिथं, धा-बारा. अक्षर कोनालाच येत न्हाई."

त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत निसळमास्तर गेले. जायची काही सक्ती नव्हती, तात्या तर म्हणाले की उन्हाचं कशाला. पण विजयाबाईंनी आधीच तवा आणि पातेलं पोत्यात बांधलं होतं. बन्सी गाडी हाकत होता. मुक्काम करत करत ते पोचले तेव्हा माळावर दहा-वीस घरं, एक लिंब आणि कोरड्या विहिरीवर टेकलेली म्हातारी माणसं दिसली. गावचा एक म्हातारा पुढे आला. त्यानं तांब्यातलं पाणी मास्तरांच्या हातावर जपून ओतलं.

"बाबा," मास्तर म्हणाले, "तुमच्या गावाचं पहिलं नाव काय होतं?"

"आडझिरी. पर आता आमीबी नथिंगच म्हनतो."

"का बरं? आडझिरी चांगलं आहे."

"न्हाई, नथिंग ह्ये सरकारी नाव हाय म्हनून सांगितलं ह्यांनी. सरकारच्या कागदावर आलंय." म्हाताऱ्यानं बन्सीकडे बोट केलं. "आडझिरी कुन्या कागदावर नव्हतं कवाच. कागदावर नाव आलं म्हंजे कुनीतरी कवातरी येतंच. आता तुमी आलाच की."

मास्तरांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. सगळ्या रस्त्यानं ते त्याची जुळवाजुळव करत आले होते, की चूक कोणाची, शब्दाचा अर्थ काय, आणि एका शेऱ्यामुळे गावाला आपलं नाव कसं सोडता येत नाही. पण लिंबाखाली पोरं येऊन बसली होती, अंतर ठेवून, जशी वाट चुकलेल्या गुराकडे बघत बसतात तशी. एका पोरीनं मांडीवर भाऊ घेतला होता.

त्यांनी टोपी काढून लिंबाच्या फांदीला अडकवली. फळा नव्हता, खडू नव्हता. त्यांनी मातीत बोटानं मोठा अ काढला, त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्याच पोराला त्याचं नाव विचारलं. तोवर विजयाबाईंनी तीन दगड मांडून चूल पेटवली होती, आणि त्या कोणाला तरी विचारत होत्या, की पाण्याला जायची वाट कोणती आणि सोबतीला कोण येतंय.